उपसर्ग सुटले, निपात उरले : इंग्रजी फ्रेझल व्हर्बच्या इतिहासाकडे मराठीतून पाहताना

'ही रॅन अप अ हिल' आणि 'ही रॅन अप अ बिल' ही दोन इंग्रजी वाक्ये कागदावर एकाच साच्यातून काढल्यासारखी दिसतात. कर्ता, क्रियापद, 'अप' हा छोटा शब्द आणि शेवटी नाम. पहिल्याचा अर्थ 'तो टेकडीवर धावत चढला' असा, तर दुसऱ्याचा 'त्याने भलेमोठे बिल करून ठेवले' असा. हा फरक केवळ शेवटच्या नामामुळे पडला असे वरवर वाटते. परंतु वाक्य थोडे हलवून पाहिले की मुळात रचनाच भिन्न असल्याचे लक्षात येते. बिलाच्या वाक्यातील 'अप' उचलून शेवटी नेता येतो : 'ही रॅन अ बिल अप'. नामाऐवजी सर्वनाम आले तर तो तसा न्यावाच लागतो : 'ही रॅन इट अप'. टेकडीच्या वाक्यात हे चालत नाही. तेथे 'अप' टेकडीशी बांधलेला आहे. बिलाच्या वाक्यात तो धावण्याच्या क्रियेशी बांधलेला आहे. ऐकणाऱ्याला आणखी एक खूण मिळते. 'रॅन इट अप' म्हणताना आघात 'अप'वर पडतो. नामाला बांधलेले अव्यय सहसा असे ठासून उच्चारले जात नाही.

पहिल्या प्रकारच्या 'अप'ला इंग्रजी व्याकरण प्रिपोझिशन म्हणते आणि दुसऱ्या प्रकारच्या 'अप'ला ॲडव्हर्ब किंवा पार्टिकल. या दुसऱ्या प्रकारातून बनलेली जोडी म्हणजे फ्रेझल व्हर्ब. मराठीत शिकवताना प्रिपोझिशनला आपण 'शब्दयोगी अव्यय' हे नाव दिले. मराठीतील शब्दयोगी अव्यय नामाला चिकटून, नामाच्या मागून येते : टेकडीवर, घराकडे, माणसासाठी. हे नाव मनात ठेवून इंग्रजी वाक्य वाचणारा विद्यार्थी प्रत्येक 'अप', 'आउट', 'ऑफ' कोणत्या नामाचा आहे हेच शोधत राहतो. क्रियापदाकडे त्याची नजर वळत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रकारासाठी 'निपात' आणि जोडीसाठी 'निपातयुक्त क्रियापद' असे शब्द वापरले आहेत. संस्कृत व्याकरणातील निपाताशी त्यांचे तंतोतंत साम्य नाही, याची जाणीव ठेवूनच ही योजना केली आहे.

निपातयुक्त क्रियापदे हा इंग्रजीचा लहरीपणा आहे, त्यांना नियम नाही, ती पाठच करावी लागतात, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. बाजारातील याद्या आणि मार्गदर्शिका याच समजुतीवर उभ्या आहेत. या जोड्या लहरी वाटतात, कारण त्यांचा इतिहास आपल्यासमोर ठेवला जात नाही. आणि तो इतिहास मराठी भाषकाला परका वाटण्याचे कारण नाही, हा या लेखाचा मुख्य मुद्दा आहे.

अकराव्या शतकापर्यंतच्या जुन्या इंग्रजीत आजच्या 'बर्न अप'चे काम 'फॉरबॅर्नान' हे एकच क्रियापद करीत असे. 'फॉर' हा उपसर्ग जळण्याची क्रिया शेवटाला गेल्याचे सांगे. 'टोब्रेकान' म्हणजे फोडून तुकडे करणे. येथील 'टो' हा उपसर्ग विलगतेचा. याखेरीज 'ऊट', 'उप्प', 'ओव्हर' असे दिशावाचक शब्दही होते. ते कधी क्रियापदाला पुढून चिकटत, कधी सुटे राहत, आणि वाक्याची ठेवण बदलली की मागेही जात. आजची जर्मन भाषा ज्यांनी थोडीफार शिकली आहे त्यांना हे परिचित वाटेल. कोशात 'आउफश्टेहेन', म्हणजे उठणे. पण 'मी उठतो' म्हणताना 'इख श्टेहे आउफ', उपसर्ग सुटून वाक्याच्या टोकाला. जुनी इंग्रजी या बाबतीत जर्मनची सख्खी बहीण होती.

येथे आपल्याकडील एक समांतर उदाहरण नोंदवले पाहिजे. उपसर्ग धातूच्या पूर्वी येतात हे सांगून झाल्यावर पाणिनी लगेच पुढच्या सूत्रांत वेदभाषेचा अपवाद नोंदवतो : तेथे ते धातूच्या नंतरही येऊ शकतात आणि मध्ये इतर शब्द येऊन ते धातूपासून दूरही राहू शकतात. म्हणजे वेदकाळी जे सुटे होते ते अभिजात संस्कृतात धातूला कायमचे जखडले गेले. आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार ही 'हृ' धातूची पिलावळ प्रत्येक संस्कृत विद्यार्थ्याने पाठ केलेली असते. इंग्रजीचा प्रवास उलट दिशेने झाला. तेथे जखडलेले उपसर्ग झिजले आणि सुटे निपात मोकळे झाले. एका मुळातून निघालेल्या दोन शाखांनी एकाच सामग्रीचे असे परस्परविरुद्ध उपयोग केले, ही ऐतिहासिक भाषाविज्ञानातील मोठी मनोवेधक घटना आहे.

इंग्रजीत हे का घडले? एकच कारण दाखवता येत नाही. नवव्या-दहाव्या शतकांत इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत स्कँडिनेव्हियन लोक वस्ती करून राहिले. त्यांच्या भाषेतील उपसर्ग आधीच गळून गेले होते आणि क्रियापदामागे सुटा निपात ठेवण्याची पद्धत तेथे रुळलेली होती. १०६६ नंतर फ्रेंच राज्यकर्त्यांबरोबर आलेल्या शब्दांनी जुन्या उपसर्गयुक्त क्रियापदांची जागा घेतली. दरम्यान इंग्रजीची वाक्यरचना कर्ता, क्रियापद, कर्म अशी स्थिरावत गेली. क्रियापद पुढे सरकल्यावर निपाताला त्याच्या मागेच जागा उरली. रिस्टो हिल्तुनेन यांनी १९८३ मध्ये तुर्कू येथून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात उपसर्गांचा ऱ्हास आणि निपातांचा उदय या एकाच घटनेच्या दोन बाजू म्हणून तपासल्या. स्कँडिनेव्हियन प्रभाव नेमका किती, याविषयी विद्वानांत एकमत नाही. माझ्या मते तो प्रभाव प्रवाहाला वेग देणारा होता, प्रवाह निर्माण करणारा नव्हता. ज्या जर्मन व डच भाषांवर तसा प्रभाव पडला नाही त्यांतही सुटे होणारे उपसर्ग आहेतच.

लिखित पुराव्याच्या दृष्टीने पीटरबरो येथील मठात लिहिल्या गेलेल्या बखरीचे महत्त्व मोठे आहे. नॉर्मन विजयानंतरही ती इंग्रजीत चालू राहिली आणि ११५४ च्या नोंदीपाशी थांबली. तिच्या अखेरच्या भागात 'गिव्ह अप' या जोडीचे जुने रूप 'स्वाधीन करणे' या अर्थाने येते. देण्याच्या क्रियेत 'वर' जाण्याचे काही नाही. म्हणजे बाराव्या शतकाच्या मध्यापर्यंत 'अप'ने दिशेचा अर्थ सोडून क्रियेच्या पूर्णतेचा अर्थ घ्यायला सुरुवात केली होती. भांडे भरत आले की पाणी वर चढते. काठाशी आले की भरणे संपते. 'फिल अप'मधील 'अप' अजून दिशाही सांगतो आणि पूर्णताही. 'ईट अप', 'यूझ अप', 'ड्राय अप'मध्ये दिशा उरलेली नाही, पूर्णता तेवढी उरली आहे. या चाव्या हाती आल्या की 'हाउस बर्न्ड डाऊन' आणि 'पेपर्स बर्न्ड अप' यांतला विरोध केवळ वरवरचा ठरतो. घर जळताना कोसळते, म्हणून 'डाऊन'. कागद जळून उरत नाही, म्हणून 'अप'.

जुने उपसर्गही साफ नाहीसे झाले नाहीत. 'फर्गिव्ह', 'फर्गेट', 'अंडरस्टँड', 'विथस्टँड' या शब्दांत ते गोठून राहिले. 'विथस्टँड'मधला 'विथ' तर मोठा बोलका आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'विरुद्ध' असा होता. 'सह' या अर्थासाठी 'मिड' हा निराळा शब्द होता, तो पुढे लोपला आणि 'विथ'ने त्याचे काम घेतले. 'फाइट विथ' म्हणजे सोबतीने लढणे की विरुद्ध लढणे, हा आजचा संदिग्धपणा त्या जुन्या व्यवहाराची उरलेली थकबाकी आहे. काही शब्दांत दोन्ही थर शेजारी शेजारी सापडतात : 'अपसेट' आणि 'सेट अप', 'ओव्हरलुक' आणि 'लुक ओव्हर', 'अपहोल्ड' आणि 'होल्ड अप'. घटक तेच, स्थान वेगळे आणि अर्थही वेगळा.

सोळाव्या शतकात या लोकव्यवहारातल्या रचनेला एक मोठे व्यासपीठ मिळाले, ते म्हणजे बायबलची इंग्रजी भाषांतरे. विल्यम टिंडल यांचा नवा करार १५२६ चा आणि राजा जेम्सच्या आश्रयाने सिद्ध झालेली प्रत १६११ ची. लॅटिनमध्ये 'एक्स' हा उपसर्ग पुढे जोडून 'बाहेर फेकणे' या अर्थाचे क्रियापद बनते. इंग्रजी भाषांतरकारांनी भुते काढण्याच्या प्रसंगी 'कास्ट आउट' ही जोडी योजली. नांगरधऱ्या पोरालाही धर्मग्रंथ कळावा ही टिंडल यांची आकांक्षा होती. ती पुरी करायची तर त्या पोराच्या तोंडची क्रियापदे घेणे भागच होते. 'गो अप', 'कम डाऊन', 'टेक अवे' अशा जोड्या त्यामुळे प्रार्थनामंदिरात दर रविवारी कानी पडू लागल्या.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात वारे फिरले. १६७२ मध्ये कवी जॉन ड्रायडन यांनी आपल्या एका नाटकाला जोडलेल्या निबंधात बेन जॉन्सन यांच्या ओळीवर बोट ठेवले. दोष कोणता, तर वाक्य प्रिपोझिशनवर संपते. लॅटिनमध्ये असे होऊ शकत नाही, म्हणून इंग्रजीतही होऊ नये, असा या आक्षेपामागचा कल होता. ड्रायडन प्रामाणिक खरे. १६६८ चा आपला नाट्यविषयक निबंध त्यांनी १६८४ च्या आवृत्तीत दुरुस्त केला आणि स्वतःची तशी वाक्ये बदलली. पुढे शालेय व्याकरणांनी हाच आग्रह नियम म्हणून उचलला आणि त्याचे पितृत्व बहुधा रॉबर्ट लाउथ यांच्या माथी मारले. ते अन्यायाचे आहे. १७६२ च्या आपल्या छोट्या व्याकरणात लाउथ यांनी एवढेच म्हटले की, ही लकब भाषेच्या स्वभावातच आहे, ती घरगुती शैलीला शोभते, गंभीर लेखनात मात्र अव्यय पुढे घेणे अधिक डौलदार. इतकेच नव्हे, तर क्रियापदामागे सुटा राहणारा हा शब्द क्रियापदाचा अर्थच पालटतो हेही त्यांनी स्पष्ट नोंदवले. 'कास्ट' म्हणजे फेकणे. पण हिशेब 'कास्ट अप' करणे ही अगदी वेगळी गोष्ट, हे त्यांचे उदाहरण.

त्याआधी सात वर्षे, १७५५ मध्ये, सॅम्युएल जॉन्सन यांचा कोश प्रसिद्ध झाला होता. त्याच्या प्रस्तावनेत या जोड्यांविषयी जो परिच्छेद आहे तो या विषयाच्या इतिहासातला आधारस्तंभ मानला पाहिजे. परदेशी माणसाला सर्वांत अवघड जाणारी ही रचना आहे, असे ते म्हणतात. 'कम ऑफ', 'फॉल ऑन', 'ब्रेक ऑफ', 'बेअर आउट', 'सेट इन', 'टेक ऑफ' अशी मालिकाच ते देतात. मूळ शब्दापासून आजच्या अर्थापर्यंतची काहींची वाट कितीही तीक्ष्ण बुद्धीला सापडणार नाही, अशी कबुलीही देतात. तरीही त्यांनी त्या कष्टाने नोंदल्या. 'टेक' या एका क्रियापदाला त्यांनी १३४ अर्थ दिले. गंमत अशी की, जॉन्सन यांचे स्वतःचे निबंध मात्र लॅटिन वळणाच्या भारदस्त शब्दांनी ओथंबलेले आहेत. कोशकार जॉन्सनने बाजारातली भाषा जमा केली, निबंधकार जॉन्सनने तिला दिवाणखान्यात येऊ दिले नाही. हा विरोध पुढे आपल्याही वाट्याला आला.

आता निपात आणि शब्दयोगी अव्यय एकाच क्रियापदापाठोपाठ येतात त्या रचनेकडे वळू. 'पुट अप विथ', 'डू अवे विथ', 'रन आउट ऑफ', 'लुक फॉरवर्ड टू' ही तिची परिचित उदाहरणे. येथे पहिला शब्द निपात आहे, तो क्रियापदाचा अर्थ बदलतो. दुसरा खरा शब्दयोगी, तो पुढच्या नामाला या नव्या अर्थाशी जोडतो. ही तीन पदे एकदम जन्माला आली नाहीत. 'डू अवे' ही जोडी जुनी आहे आणि सोळाव्या शतकात ती सरळ कर्म घेत असे. कव्हरडेल यांच्या स्तोत्रांच्या भाषांतरात पापे 'डू अवे' केली जातात, त्यात 'विथ' नाही. आज तसे म्हटले तर वाक्य अपुरे वाटेल, 'विथ' पाहिजेच.

'पुट अप विथ'चा इतिहास याहून रंजक आहे. त्या काळच्या इंग्रजीत 'पुट अप' दोन प्रकारे आढळते. तलवार म्यान करणे या अर्थाने ते येते, आणि १६०४ च्या सुमाराच्या 'ऑथेल्लो' या नाटकात नाडला गेलेला रॉडरिगो, आता आपण हे मुकाट्याने सोसणार नाही, असे इयागोला बजावतो तेथेही आहे. दुसऱ्या ठिकाणी सोसण्याची गोष्ट 'पुट अप'चे थेट कर्म आहे. 'विथ'चा पत्ता नाही. या दोन उपयोगांचा संबंध मला असा दिसतो : वस्तू उचलून आत ठेवणे, शस्त्र म्यानात ठेवणे आणि झालेला अपमान आत ठेवणे. मराठीत आपण दुसऱ्याचा अपराध 'पोटात घालतो' आणि स्वतःचा अपमान 'गिळतो', त्याच जातीची ही प्रतिमा आहे. कालांतराने ठेवण्याचे चित्र पुसट झाले. चित्र पुसल्यावर कर्माचे क्रियापदाशी थेट नाते राहिले नाही, ते जोडून घ्यायला 'विथ' आला. तीन पदी जोड्यांपैकी निदान काही जोड्या अशा घडल्या आहेत. निपाताचा स्थलवाचक अर्थ आटला आणि नामाला आधारासाठी शब्दयोगी लागला.

ही घडण न कळल्याने व्याकरणपंडितांची जी फजिती झाली तिच्यावर एक विनोद प्रसिद्ध आहे. वाक्याच्या शेवटी अव्यय नको म्हणणाऱ्या कारकुनाला उत्तर म्हणून चर्चिल यांनी 'पुट अप विथ'मधील 'अप' आणि 'विथ' दोन्ही पुढे ओढून, 'पुट'ला एकट्याला शेवटी सोडून, मुद्दाम वेडेवाकडे वाक्य लिहिले, असे सांगतात. चर्चिल यांचा या वाक्याशी संबंध असल्याचा भरवशाचा पुरावा नाही. १९४२ मध्ये हा किस्सा छापला गेला तेव्हा त्यात त्यांचे नाव नव्हते. विनोद मात्र नेमका आहे. 'विथ' एकटा पुढे नेता येईल, कारण तो नामाचा आहे. 'अप' नेता येणार नाही, कारण तो क्रियापदाचा आहे. पंडितांचा नियम दोघांना एकाच काठीने हाकत होता.

'लुक फॉरवर्ड टू'च्या बाबतीत हाच भेद आपल्या अर्जांतून आणि निमंत्रणपत्रांतून रोज मोडला जातो. येथील 'टू' शब्दयोगी आहे, म्हणून त्यामागून नाम किंवा नामासारखे वापरलेले रूप हवे : 'टू मीटिंग यू'. आपल्याकडे 'टू मीट यू' लिहिले जाते, कारण क्रियापदापूर्वी येणारा दुसरा 'टू' सवयीचा असतो. मुळात तो दुसरा 'टू'ही शब्दयोगीच होता, पुढे तो क्रियापदाच्या मूळ रूपाची केवळ खूण बनला. एकाच शब्दाच्या दोन अवस्था एका वाक्यात समोरासमोर आल्या की असा घोटाळा व्हायचाच.

इतकी जुनी रचना, पण तिचे नाव अर्वाचीन. लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ च्या आपल्या पुस्तकात 'फ्रेझल व्हर्ब' ही संज्ञा वापरली आणि ती ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचे सांगितले. त्यापूर्वी पाच वर्षे आर्थर केनेडी यांनी अमेरिकेत या जोड्यांचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला होता. नंतरच्या टप्प्यांत टी. एफ. मिचेल यांचे १९५८ मधील वर्गीकरण, ड्वाइट बोलिंजर यांचा १९७१ चा ग्रंथ आणि क्वर्क व सहकाऱ्यांचे १९८५ चे बृहद्व्याकरण यांचा उल्लेख करून पुढे जाणे पुरे.

बेसिक इंग्लिशचा प्रयोग मात्र थोडा तपशील मागतो. १९३० मध्ये सी. के. ऑग्डेन यांनी ८५० शब्दांत जगाला इंग्रजी शिकवण्याची योजना मांडली. त्यात क्रियापदे केवळ १८. 'गेट', 'पुट', 'टेक', 'गो' यांना दिशावाचक शब्द जोडून बाकीची हजारो क्रियापदे टाळायची अशी युक्ती होती. म्हणजे 'टॉलरेट' वगळायचे आणि 'पुट अप विथ' ठेवायचे. शब्द कमी झाले, पण शिकण्याचा भार कमी झाला का? ढाक्यातील अध्यापक प्रशिक्षण महाविद्यालयात प्रदीर्घ काळ काम केलेले मायकेल वेस्ट यांनी सहकाऱ्यांसह १९३४ मध्ये या योजनेची कठोर चिकित्सा केली. ओळखीच्या शब्दांपासून बनलेली जोडी अनोळखी अर्थ देत असेल तर विद्यार्थ्याच्या दृष्टीने तो नवा शब्दच आहे, हे बंगालमधील शाळा पाहिलेल्या माणसाला सांगावे लागले नाही. त्याच सुमारास टोकियोत शिकवणारे ए. एस. हॉर्नबी क्रियापदांचे साचे जुळवीत होते. त्यांचा कोश १९४२ मध्ये तेथेच छापला गेला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो नव्याने काढला. निपातयुक्त क्रियापदांचा शिस्तशीर विचार घडवण्यात आशियातील वर्गांचा वाटा मोठा आहे. तो पुरेसा मान्य झालेला नाही.

भारतातील इंग्रजी शिक्षणाने मात्र जॉन्सन यांच्या दिवाणखान्याची बाजू घेतली. १८३५ चे धोरण आणि १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे स्थापन झालेली विद्यापीठे यांच्या छायेत मिल्टन, ॲडिसन, जॉन्सन, बर्क यांच्या गद्यपद्यावर पिढ्या पोसल्या गेल्या. नोकरी कचेरीत होती आणि कचेरीची भाषा अर्जाची, खलित्याची. 'पोस्टपोन', 'टॉलरेट', 'इन्व्हेस्टिगेट', 'एक्स्टिंग्विश' हे शब्द आले. 'पुट ऑफ', 'पुट अप विथ', 'लुक इंटू', 'पुट आउट' दाराबाहेर राहिले. परिणाम विपरीत झाला. इंग्रजांच्या घरात पोर जे आधी शिकते ते आपल्याकडील पदवीधराला शेवटी शिकावे लागते, किंवा येतच नाही. बर्कचे दीर्घ वाक्य सहज उलगडणारा आपला वाचक एखाद्या आधुनिक नाटकातील दोन शब्दांच्या संवादापाशी अडतो. भाषांतरात याची झळ सर्वाधिक बसते. नाटकातील पात्र 'आय गिव्ह अप' म्हणते. आपण 'मी शरणागती पत्करतो' लिहितो, आणि स्वयंपाकघरात कंटाळून बसलेली बाई एकाएकी रणांगणावर उभी राहते. तिला 'हात टेकले बाई' म्हणायचे होते.

खरे तर मराठी वाचकाजवळ या रचनेची किल्ली आधीपासून आहे. संस्कृतातील उपसर्ग मराठीपर्यंत येता येता झिजून शब्दाच्या पोटात विरले. उठणे यात 'उत्' आणि 'स्था' आहेत, बसणे यात 'उप' आणि 'विश्', आणणे यात 'आ' आणि 'नी', विकणे यात 'वि' आणि 'क्री', ओळखणे यात 'उप' आणि 'लक्ष्'. बोलणाऱ्याला आज हे तुकडे दिसत नाहीत, जसे इंग्रजाला 'फर्गेट'मधला 'फॉर' दिसत नाही. उपसर्ग मुके झाल्यावर क्रियेची दिशा, पूर्णता, रोख सांगायचा कसा? इंग्रजीने क्रियापदामागे निपात ठेवला. मराठीने क्रियापदामागे दुसरे क्रियापद ठेवले. लिहून काढ, लिहून घे, लिहून ठेव, लिहून दे, लिहून टाक : लिहिणे एकच, पण 'काढ'मध्ये आतले सगळे बाहेर आणणे आहे, 'घे'मध्ये स्वतःकडे ओढणे, 'ठेव'मध्ये पुढची सोय, 'दे'मध्ये दुसऱ्याला हमी, 'टाक'मध्ये एकदाचे हातावेगळे करणे. इंग्रजीत याच जागी 'राइट आउट', 'राइट डाऊन', 'राइट अप', 'राइट ऑफ' येतात. जोड्या एकास एक जुळत नाहीत, जुळाव्यात अशी अपेक्षाही नाही. पण 'ईट इट अप' म्हणजे 'खाऊन टाक', हे समीकरण 'संपूर्णपणे भक्षण कर' या शब्दकोशी अर्थापेक्षा कितीतरी खरे आहे. आणि 'बोलून बसला'मधला पश्चात्ताप उमटवायला इंग्रजी निपाताला सहसा जमत नाही. तेथे आपली रचना अधिक श्रीमंत आहे, हे सांगायला संकोच कशाला?

निपाताकडे दुर्लक्ष झाले की काय हरवते, याचे एक उदाहरण सार्वजनिक जीवनातून देता येते. मुंबईच्या गिरणगावात 'लॉकआउट' आणि 'लेऑफ' हे शब्द कामगारांच्या रोजच्या बोलण्यात होते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात 'लॉकआउट'ची व्याख्या होती, 'लेऑफ'ची १९५३ मध्ये आली. 'लॉकआउट'ला मराठीत 'टाळेबंदी' हा नेटका प्रतिशब्द रुळला : मालकाने दार बंद केले, कामगार बाहेर. मार्च २०२० मध्ये साथीच्या काळात देशभर 'लॉकडाऊन' पुकारला गेला आणि वृत्तपत्रांनी त्यालाही 'टाळेबंदी' म्हटले. येथे माणसे आत होती. इंग्रजीने 'आउट' आणि 'डाऊन' या दोन निपातांनी जो भेद ठेवला तो आपल्या एका शब्दात बुजला. १९८२ च्या गिरणी संपाचा इतिहास आणि २०२० च्या वसंतातली निर्मनुष्य लालबाग-परळ एकत्र वाचणाऱ्या उद्याच्या अभ्यासकाला 'टाळेबंदी' या शब्दापाशी थांबून, कोण दाराच्या कोणत्या बाजूला होते, हे प्रत्येक वेळी तपासावे लागेल.

उलट दिशेनेही व्यवहार चालू आहे. भारतीय इंग्रजीत 'कोप अप विथ' ही जोडी सर्वत्र ऐकू येते. प्रमाण ब्रिटिश व्याकरणाच्या दृष्टीने 'कोप विथ' पुरे, 'अप' अधिकचा. शिक्षक तो लाल शाईने खोडतात. पण तो आला कोठून? 'कीप अप विथ', 'पुट अप विथ', 'कॅच अप विथ' या मालिकेच्या तालावर, आणि बहुधा 'निभावून नेणे', 'सांभाळून घेणे' यांसारख्या आपल्या भाषांतील दोन क्रियापदांच्या सवयीवरही. परकी भाषा रट्टा मारून शिकणारा माणूस असा शब्द घडवू शकत नाही. त्यासाठी रचनेचे तत्त्व अंगात मुरावे लागते. 'पुट अप'ला 'विथ' जोडणाऱ्या त्या अनामिक इंग्रजांनी तरी याहून वेगळे काय केले होते?